आधी समुद्र, मग डोळा

समुद्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं हो? मावळता सूर्य, नाही का! आपल्या कथांतून, सिनेमांतून, कॅलेंडरांवरून सूर्य समुद्रात नेहमी बुडतच असतो. त्यात नवल नाही. महाराष्ट्राचा सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. मुंबईला गेटवे ऑफ इंडियापाशी उभं राहिलं तर पूर्वेला पाणी दिसतं खरं, पण ते बंदराचं. सूर्य वर येतो तो पलीकडच्या जमिनीवरून. भर समुद्रातून उगवता सूर्य बघायचा तर मराठी माणसाला आपलं राज्य सोडावंच लागतं.

पण आम्ही पडलो मुलचेऱ्याची माणसं. आमचा हिशेबच निराळा. नकाशावर पट्टी ठेवून बघा. मुलचेऱ्याहून मुंबई सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, आणि विशाखापट्टणम चारशेच्या. म्हणजे आम्हांला जवळचा समुद्र पूर्वेचा! पाण्याचा न्यायही तोच. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्यापाशी एकमेकींना भेटतात, तिथून पुढे त्यांची प्राणहिता होते; प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आमच्या अंगणात पडलेला पाऊस मुंबईच्या समुद्राला कधी भेटतच नाही.

हे मी वर्गात दरवर्षी सांगते. इथल्या एका शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी आणि भूगोल शिकवते. माझ्या वर्गात घरी बंगाली बोलणारी बरीच मुलं असतात. त्यांचे आजे-पणजे १९६० नंतरच्या वर्षांत पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आले आणि या जंगलात वसवले गेले. त्यांच्या घरांतून पाण्याच्या गोष्टी अजून चालत असतात. आमच्या घरात मात्र समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. माझ्या माहेरच्यांची मुंबईही काकांच्या चाळीपुरतीच, आणि सासूबाईंची धाव मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत.

तर अशा घरात समुद्राचा विषय निघाला तो सासूबाईंच्या डोळ्यांवरून.

मागच्या पावसाळ्यात त्यांना तांदूळ निवडताना खडे दिसेनासे झाले. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणायच्या. तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा बराच वाढलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मैत्रिणींनो, इथे एक सांगून ठेवते. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचं असतं ही जुनी समजूत आहे. आता तसं थांबावं लागत नाही. रोजची कामं अडायला लागली की ऑपरेशन करून घ्यावं. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून तिथे दुसरं बसवतात.

पण सासूबाईंच्या मनात भीती बसलेली. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा एक डोळा फार वर्षांपूर्वी अशाच ऑपरेशननंतर गेला होता. ‘आता शास्त्र पुढे गेलंय’ असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि एका रात्री भाकरी थापता थापता म्हणाल्या, “आधी समुद्र, मंग डोरा.” (आमच्या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो, हे वाचकांनी समजून घ्यावं.) मी विचारलं, “आई, हा समुद्र कुठून आला मध्येच?” तर म्हणाल्या, “तुमीच तं पोट्ट्याइले सांगता रोज. आपलं पानी जाते तेथी. पाहून तं घेऊ दे, डोरा राह्यला न राह्यला.”

आमच्या ह्यांना हे काही पटेना. वनखात्यातली नोकरी, दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस, चौघांचं नि वर आईचं भाडं. शिवाय २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळ आदळलं ते याच विशाखापट्टणमवर, आणि दिवाळीच्या सुमारासच त्या किनाऱ्याला वादळांची भीती असते, हेही त्यांनी ऐकवलं. मग मला एकटीला गाठून हळूच म्हणाले, “अगं, जिला धड दिसत नाही तिला समुद्र दाखवायला एवढा खर्च?” हळूच म्हणाले, पण मोतीबिंदू डोळ्यांत असतो, कानांत नव्हे. पलीकडे सासूबाईंचा कांदा चिरायचा आवाज थांबला तो बराच वेळ सुरू झाला नाही.

माझं मानधन येतं तेव्हा चार-पाच महिन्यांचं एकदम येतं. ते नुकतंच आलं होतं. मी डॉक्टरांना विचारून घेतलं. महिनाभरानं काही बिघडत नाही म्हणाले. मग तिकिटं काढून टाकली. त्याच पैशांतून दीड हजाराचा एक तिपाई स्टँडही घेतला. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

स्टँड कशाला, तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या माझ्या भावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना निकॉन मला देऊन टाकला. तेव्हापासून मला नाद लागला तो संथ फोटोंचा. आष्टीला वैनगंगेच्या काठी पहाटे उभी राहून मी ते शिकले. साधा फोटो म्हणजे डोळ्याची उघडझाप: कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या हिश्शात उघडून मिटते. पण ती झडप पाच, दहा, तीस सेकंद उघडी ठेवली तर? तेवढ्या वेळात समोर जे जे घडलं ते सगळं एकाच फोटोत एकावर एक साठत जातं. स्थिर दगड दगडच राहतो. हलणारं पाणी मात्र स्वतःवरच शंभरदा पुसलं जातं आणि धुक्यासारखं, सायीसारखं दिसतं.

याचं गणित आपल्याला मुळीच अवघड नाही. नळाखाली बादली भरायची आहे असं समजा. धार मोठी सोडली तर बादली झट्कन भरते, बारीक सोडली तर वेळ लागतो. कॅमेऱ्याचं भोक म्हणजे नळाची चावी, झडपेचा वेळ म्हणजे बादली खाली ठेवलेला वेळ, आणि उजेड म्हणजे पाणी. फोटो म्हणजे काठोकाठ भरलेली बादली. सांडली तर फोटो पांढराफटक, कमी भरली तर काळाकुट्ट. तीस सेकंद हवे असतील तर धार अगदी बारीक पाहिजे, म्हणून भोक लहान ठेवायचं (माझ्या कॅमेऱ्यात एफ/११), आयएसओ शंभरावर ठेवायचा, आणि वेळ निवडायची ती सूर्य उगवण्याआधीची. उजेडात हाच प्रकार करायचा तर भिंगापुढे काळी काच लावावी लागते. त्यातली एक काच उजेड हजार पटींनी कमी करते. सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाचं काम मग तीस-बत्तीस सेकंदांवर जातं. मी ती काच घेतली नाही. पहाट फुकट असताना काच कशाला?

आष्टी-गोंडपिपरीवरून बल्लारशा गाठलं आणि दुपारच्या गाडीत बसलो. वरंगळ, विजयवाडा करत गाडी निघाली. मध्यरात्रीच्या सुमारास राजमहेंद्रीचा गोदावरीचा पूल लागला तेव्हा सासूबाईंना मी मुद्दाम उठवलं. पूल संपता संपेना. त्यांनी खिडकीच्या गजांतून रुपया टाकला, हात जोडले आणि म्हणाल्या, “आपल्या नदीचं पानी पोचलं असन नाई वं इथपर्यंत?” दिसत तर मलाही काही नव्हतं, सगळा अंधार. नुसता पुलाचा खडखडाट. पहाटे विशाखापट्टणमला उतरलो.

रामकृष्ण बीचजवळच्या लॉजमध्ये उतरलो होतो. शहराची चौपाटीच ती. वाळूवर ‘कुरसुरा’ नावाची नौदलाची जुनी पाणबुडी आणून ठेवली आहे; आत शिरून बघता येते. मुलं दिवसभर तिचंच कौतुक करत होती. उजवीकडे दूर डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर समुद्रात नाक खुपसून बसलेला. किनाऱ्याचं तोंड आग्नेयेकडे, आणि हिवाळ्याच्या तोंडी सूर्यही आग्नेयेकडे सरकलेला. त्यामुळे तो अगदी नाकासमोर, पाण्यातून वर येतो. इथे पोहायला मात्र कुणी उतरू नये. पायाखालची वाळू ओढून नेणारा प्रवाह आहे.

पहिल्या पहाटे पाच वाजता आम्ही बायकाच निघालो: सासूबाई, मी आणि माझी पाचवीतली लेक. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. सूर्योदय सहाला तीन-चार मिनिटं कमी असताना. आपल्याकडे गडचिरोली भागात सूर्य त्यानंतर पंधरा-सोळा मिनिटांनी उगवतो, कारण आपण पश्चिमेला आहोत. लेकीला हे सांगितलं तर तिनं लगेच, “म्हणजे बाबा झोपलेत तिथे अजून रात्रच!” असा भूगोल केला. बाबा झोपले होते ते इथेच, लॉजवर.

स्टँडचे पाय वाळूत दाबून बसवले आणि कॅमेऱ्याची पिशवी वाळूनं भरून मधोमध टांगली, म्हणजे वाऱ्यानं हलत नाही. पदर खोचून घेतला; फडफडणाऱ्या पदरानं स्टँड हलतो, हे पुरुषांच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. बोटानं खटका दाबला तरी कॅमेरा थरथरतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप झडप उघडेल असं लावून ठेवायचं. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला तर भिंगावर वाफ धरते. तो आधी अर्धा तास प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाहेर ठेवावा. परत आल्यावर किंचित ओलसर मऊ फडक्यानं बाहेरून पुसून घ्यावा, नाहीतर खारी हवा धातूला खाते. मोबाइलवरही हे जमतं. बऱ्याच फोनांत ‘प्रो’ नावाचा प्रकार असतो, त्यात सेकंद वाढवता येतात. फोनला टेकू हवा एवढंच.

सूर्योदयाआधी पंचवीस मिनिटं तीस सेकंद लागत होते. मग दर दोन-तीन मिनिटांनी ते निम्मे करत यायचं: पंधरा, आठ, चार, दोन. उजेड दुपटीनं वाढत असतो ना! दूध उतू जाताना गॅस जसा कमी करत जातो तसं. एकदा सूर्याची कड दिसली की सगळी घाई. पूर्ण बिंब वर यायला अडीच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि तीस सेकंदांत सूर्य स्वतःच्या रुंदीच्या जवळजवळ पावपट सरकतो, म्हणून उगवल्यावर फार लांब वेळ ठेवला तर तो लाडवासारखा गोल न येता चेपल्यासारखा येतो. आणखी एक. सूर्य तापल्यावर कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावून त्याच्याकडे बघू नका, डोळ्याला इजा होते.

सासूबाई ओल्या वाळूवर पाय पसरून बसल्या होत्या. पाणी पावलांपर्यंत येई नि जाई. मी म्हटलं, “आई, हलू नका हं, अर्धा मिनिट.” त्या इतक्या निश्चल बसल्या की मीच घाबरले. झडप उघडी असताना आपल्याला काहीच करायचं नसतं, बघा. ना ढवळायचं, ना वाढायचं, ना वही तपासायची. तीस सेकंद केवढे मोठे असतात! मी लाटा मोजल्या. तेवढ्यात चार आल्या.

दुसरी पहाट कार्तिकातल्या सोमवारची होती. तेलुगू बायकांचा कार्तिक आपल्यासारखाच दिवाळीनंतर लागतो. पाचपासून किनाऱ्यावर बायकाच बायका. न्हालेल्या, केसांना गाठ मारलेली, हातांत केळीच्या सोपटात ठेवलेले तुपाचे दिवे. सासूबाईंना भाषा येत नव्हती, पण कार्तिक येत होता. एका बाईनं त्यांच्या हातावर एक दिवा ठेवला. त्यांनी तो पाण्याकडे नेऊन ठेवला, लाट आली, दिवा गेला, दोघी हसल्या.

त्या वेळी मी तीस सेकंदांचा एक फोटो घेतला, तो मला अजून नीट उमगलेला नाही. किनारा आहे, दुधासारखं निळं पाणी आहे, बसलेल्या सासूबाई आहेत. आणि त्यांच्या मागून, कमरेच्या उंचीवर, एक सोनेरी रेघ डावीकडून उजवीकडे गेली आहे. एक बाई दिवा घेऊन तिथून चालत गेली होती. ती बाई फोटोत नाही. तिचं लुगडं नाही, पाय नाहीत, सावली नाही. ती एका जागी थांबलीच नाही, म्हणून कॅमेऱ्यानं तिला धरलं नाही. दिवा तेवढा धरला.

असंच फार पूर्वी झालं होतं. १८३८ साली लुई दागेर या फ्रेंच माणसानं पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा एका फोटोला मिनिटं-मिनिटं लागत. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती. फोटोत रस्ता ओसाड! एका कोपऱ्यात एक गृहस्थ तेवढा उमटला आहे, कारण तो बुटांना पॉलिश करून घेत एका पायावर थांबला होता. माणसाचा पहिला फोटो म्हणून तोच दाखवतात. हे मी पूर्वी वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. आता मात्र घरचे आल्बम चाळते तेव्हा माझा हात आपोआप थांबतो. लग्नापासूनच्या सगळ्या फोटोंत सासूबाई कुठेत? वाढतायत, आत गेल्यात, चहा टाकायला उठल्यात. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा धड म्हणावा असा फोटो पासपोर्टाच्या आकाराचा, तोही आधार कार्डासाठी काढलेला.

परत आल्यावर चंद्रपूरच्या स्टुडिओतून पहिल्या पहाटेचा एक फोटो मोठा करून आणला. आमचा आठवीतला चिरंजीव म्हणाला, “हा खोटा आहे. समुद्र असा नव्हता.” ह्यांनीही मान हलवली, यांनी तर समुद्र पाहिला सकाळी आठला! सासूबाईंनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे नेला, डोळ्यांजवळ आणला आणि म्हणाल्या, “मले तं असाच दिसला.”

घरात कुणी काही बोललं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी ज्यासाठी तीस सेकंद झडप उघडी ठेवत होते, ते धुकं त्यांच्या डोळ्यांत गेलं वर्षभर होतंच की! क्लोद मोने नावाच्या चित्रकाराला १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं निदान झालं, आणि भीतीनं तो १९२३ पर्यंत ऑपरेशन टाळत राहिला. समुद्रकाठच्या बंदरातला धूसर सूर्योदय रंगवणारा हाच मोने. १८७२ चं त्याचं ते चित्र, आणि त्याच्या नावावरून एका पंथालाच नाव पडलं. ते चित्र मात्र त्यानं चांगल्या डोळ्यांनी काढलं होतं. धुकं त्या सकाळचंच होतं. सासूबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, “अकरा वर्षं? मी तं अकरा महिनेबी नाई थांबली.”

डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आदल्या रात्री त्या झोपल्या नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पहिलं वाक्य माझ्याबद्दल होतं: “सूनबाई, तुमचे केस पिकले वं!” मग घरी येईपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या निळ्या वस्तू दाखवत होत्या, निळा रंग असा असतो हे विसरायला झालं होतं म्हणे.

महिनाभरानं औषधाचे थेंब संपले, तेव्हा त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. बराच वेळ उभ्या राहिल्या.

“ह्याच्यातल्या लाटा कोठी गेल्या?”

मी सगळं पुन्हा सांगितलं: बादली, धार, तीस सेकंद.

“ते राहू दे. आवाज तं लाटायचाच येत होता. पायावर आल्या त्या लाटाच होत्या. मंग गेल्या कोठी?”

शेवटी लेकीनं आपल्या बाबांच्या मोबाइलवर घेतलेला एक फोटो काढून दाखवला. कसाबसा, जरा तिरपा. पण त्यात लाट फुटलेली आहे, फेस उडालेला आहे, आणि सासूबाई लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून तोंड उघडं टाकून हसताहेत. तो त्यांना पसंत पडला. तोही मोठा करून आणवला आणि माझ्या फोटोशेजारीच लावायला लावला. आमचे हे स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकत होते. आईनं सांगितलं म्हणून तीनदा काढून पुन्हा ठोकला.

आता घरी कुणीही आलं, अगदी गॅसची टाकी आणणारा पोऱ्यासुद्धा, की त्या त्याला भिंतीपाशी नेतात. “हा आपरेशनच्या आधीचा,” म्हणतात, “अन हा मागचा.” डाव्या डोळ्याची तारीख आता एप्रिलमधली मिळाली आहे, आणि सासूबाई ह्यांना विचारत होत्या की औंदा कार्तिक कधी लागतो.